आसारामची अवस

युसूफ वडगावात आसारामचं नाव निघालं की माणसं आधी म्हणायची, "लई गरीब गडी," आणि लगेच पुस्ती जोडायची, "अवस सोडून."

गरीब म्हणजे स्वभावानं. तसा तो खाऊनपिऊन सुखी होता. काळी जमीन, दावणीला दोन बैलजोड्या, घरात दूधदुभतं. कुणाची म्हैस त्याच्या ज्वारीत घुसली तर शिव्या द्यायच्या सोडून तो तिचं दावं धरून मालकाच्या गोठ्यात बांधून यायचा आणि वर म्हणायचा, "मोकळी सोडू नगंस बे, हिरीत पडंल." बैलाला काठी लावताना त्याचाच जीव कळवळायचा. पण अवस उजाडली की हाच माणूस ओळखू येत नसे. डोळे तांबारलेले, शब्दाला शब्द लागायचा अवकाश की हाताला येईल ते भिरकावायचा. गाडगी फुटायची, परात चेपायची, आणि बायकोची पाठ सुजायची. गाडग्यांची हळहळ शेजारपाजारी व्हायची. पाठीची कुणी केली नाही.

याला कारण होतं आणि ते साऱ्या गावाला पटलेलं होतं. आसारामचा जन्म अवसेचा. जोशीबुवांनी त्याच्या आईला बाळंतिणीच्या खाटेवरच सांगितलं होतं, की चंद्र हा मनाचा धनी. ज्या दिवशी आभाळात चंद्रच नाही त्या दिवशी जन्मलेल्या पोराच्या मनाला धनी कुठला? महिन्यातून एक दिवस ते मोकाट सुटणारच. झालं. त्या माउलीनं पोराला त्या दिवशी कधी दटावलं नाही. त्यानं दुसऱ्याच्या पोराचं डोकं फोडलं तरी ती म्हणायची, "अवस हाय माय, त्याचा काय दोष?" पोराला मिसरूड फुटलं, लगीन झालं, आई वारली आणि तिचं वाक्य सुनेच्या तोंडी आलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची आपल्याकडं जुनी खोड आहे. या गड्याला तर अख्खं आभाळच वाकडं मिळालं होतं.

बरं, तो सोंग करत होता म्हणावं तर तसंही नाही. आमच्या भागात अवसेला औत जुंपत नाहीत. त्या दिवशी बैल दावणीला, माणूस घरी. सकाळी बैल बांधलेले दिसले, कुणीतरी "आज अवस" म्हणालं, की आसारामच्या मानेमागून खरोखरच ऊन चढत जायचं. कानशिलं तापायची. तो स्वतःच बायकोला सांगायचा, "चतुरे, आज जरा संभाळून ऱ्हा." हे सांगणं म्हणजे आपण तिच्यावर केलेली दया, असं त्याला मनापासून वाटे. एवढं सांगूनही तिच्या हातून चूक झाली, तर त्याला तो काय करणार?

त्यांना एकच लेक, छबुबाई. चालायला लागली तशी ती आईच्या मागं मागं शिकत गेली. अवसेला पितळी भांडी कणगीच्या मागं सारायची, दारातली काठी गोठ्यात न्यायची, विचारलं तेवढंच बोलायचं. आसाराम तिच्यावर जीव टाकायचा. तिला त्यानं कधी बोट लावलं नाही आणि त्याचा त्याला अभिमान होता. तिचं लगीन त्यानं गेवराईकडच्या एका चांगल्या घरी करून दिलं. जावई धोंडीराम शांत, कामसू. सासू तुळजाबाई बोलकी. गावानं म्हटलं, पोरीनं नशीब काढलं.

तर त्या साली विलायतेकडं मोठी लढाई चालू होती म्हणे. वडगावाला तिची खबर लागली ती कापड महागलं तेवढीच. रमजान ऐन पावसाळ्यात आला होता. आखाड सरत आलेला, आणि आठवडाभर झड लागलेली. सूर्य दिसेना तिथं चंद्र कुठला! गावजोशी मोमिनाबादेला लेकीकडं गेलेले, त्यामुळं दारोदार तिथी सांगायलाही कुणी नाही. रान चिखलानं भरलेलं, कुणाचंच औत चालत नव्हतं. सगळ्यांचेच बैल दावणीला, आणि सगळे दिवस एकासारखे एक.

पंचमीसाठी छबुबाई अशा पावसातच माहेरी आली. डाव्या भुवईवर खोक पडलेली होती, खपली अजून पडायची होती.

"काय गं हे?"

"चौकट लागली, आबा. ठेंगणी हाय तिकडची."

आसारामनं स्वतः हळद उगाळून तिच्या भुवईला लावली आणि म्हणाला, "माजी माय, वर बगून चालावं मानसानं." छबुबाई हसली. चतुराबाई चुलीकडं तोंड करून बसली होती, ती तशीच बसून राहिली.

त्या झडीच्या दिवसांत आसारामला फार सुख लागलं. ओसरीत बसून अंबाडीचा दोर वळावा, लेकीला तिच्या लहानपणच्या खोड्या सांगाव्यात, बायकोनं आतून हुंकार द्यावा. एके दिवशी चतुराबाईनं कणकेचा मलिदा केला, गूळ घालून, वर तुपाची धार धरून. त्यानं दोनदा मागून घेतला.

"आज काय सण हाय का काय?" त्यानं बोटं चाटत विचारलं.

"पोर आलीय," चतुराबाई म्हणाली. "तोच सण."

त्या दिवशी भाकरी करपली होती, आणि गोठ्याचं माळवद गळून वैरण भिजली होती. आसाराम हसून म्हणाला होता, "भिजू दे. बैलबी मऊ खातील येक दिस."

दोन दिवसांनी पाऊस उघडला. ऊन पडलं, वारा सुटला, रानाला वाफसा आला. आसाराम पहाटेच कोळपं काढून दारात आला आणि सहज शेजारी बघतो तर सटवाचे बैल दावणीला कडबा खात उभे, कोळपं भिंतीला टेकलेलं. आठवड्यानं रान कामाला आलंय आणि सटवासारखा कामाचा गडी औत जुंपत नाही? आसारामनं मनाशी गणित जुळवलं. अवस. आज अवसच असणार.

आणखी चार घरं पुढं जाऊन बघितलं असतं तर बाकीच्यांची औतं केव्हाच रानात गेलेली त्याला दिसली असती. पण त्याला तेवढं पुरलं. मानेमागून ऊन चढायला लागलंच होतं. त्यानं कोळपं खाली टाकलं आणि आत ओरडला, "चतुरे, आज अवस हाय. ध्यान ठिव."

चतुराबाईनं चमकून वर पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

दुपारी कोरड्यासात मीठ कमी पडलं. तेवढंच. त्यानं ताट भिरकावलं, आणि ती ताट उचलायला वाकली तेव्हा तिच्या तोंडावर अशी हाणली, की ती कोलमडून कणगीवर आपटली. छबुबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं आधी चुलीजवळची काठी उचलून परसात नेली, मग तांब्या-परात सरकवली, मग आईला उठवून परसात नेऊन बसवलं. सगळं पटापट, कुणी न सांगता. आसारामला तेव्हा ते दिसलं आणि बरंही वाटलं, की पोर समजुतीची आहे.

दिवस मावळायला आला तशी गावात एकदम गलका उठला. मशिदीपुढं मुसलमानांची पोरंटोरं, माणसं आभाळाकडं हात करून ओरडत होती. बायाबापड्या माळवदावर चढल्या होत्या. आसारामचा राग तोवर निवला होता. नेहमीप्रमाणं थोडं वाईट वाटून, थोडं हलकं वाटून तो बाहेर आला. दर्ग्याचे मुजावर इमामभाई, त्याचे लहानपणापासूनचे दोस्त, समोरून आले आणि त्यांनी त्याला मिठीच मारली.

"आसाराम, चाँद दिसला रे! उद्या ईद. ते बघ, पिंपळाच्या वर."

आसारामनं मान वर केली. मावळतीला ढग फाटले होते आणि त्या फटीत बारीक, लखलखीत कोर होती. बाया पदराची दशी काढून तिला वाहत होत्या, आपण बीजेच्या चंद्राला वाहतो तशी. बीजेच्या चंद्राला! आसाराम नुसता बघत राहिला. अवसेच्या दिवशी चंद्र कसा?

सटवा मागंच उभा होता. त्याची जीभ तशी सैलच.

"आरं पर आसाराम, दुपारी तर तुज्या घरातून भांड्याचा आवाज आलता. मला वाटलं तुजी अवस चालू हाय. अवस तर परवा झाली बे! आता चंद्रानं तुला इचारून उगवावं का काय?"

माणसं हसली. आसाराम कसाबसा म्हणाला, "मग तुजे बैल कावून बांदले हुतेस?"

"उजव्याचा खांदा सुजलाय. बैल आजारी, मी काय करू?"

पुन्हा हशा झाला. पण इमामभाई हसले नाहीत. ते आसारामच्या तोंडाकडं बघत होते, आणि हळूच त्यांनी त्याच्या खांद्यावरचा आपला हात काढून घेतला. सटवाचं बोलणं एक वेळ सोसलं असतं. तो हात काढून घेतलेला आसारामला आयुष्यभर जाणवत राहिला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. तो मागच्या बोळानं घरी आला, कुणाच्या नजरेला नजर देववेना म्हणून.

चतुराबाई चूल फुंकत होती. गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता.

"अवस परवा झाली?" त्यानं उंबऱ्यातूनच विचारलं.

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"साऱ्या आळीच्या बायांना ठावं हुतं. जोशीबुवा जाताना पाटलाच्या घरात सांगून गेलते. समद्यांनी मिळून ठरीवलं, तुमच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई." ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली. "दिव्याची अवस हुती. मी दिवे शेजारी चंद्रभागाबाईकडं नेऊन धुतले. कनकेचे दिवे केले ते कुस्करून मलिदा म्हनून तुमाला वाडले. येकदा बगायचं हुतं मला. अवस आभाळात आसती का तुमच्या कानात."

ती रागानं बोलली असती तर आसारामला आधार झाला असता. तिनं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तो तिथंच बसला. मलिद्याचा दिवस त्याला लख्ख आठवला, करपलेली भाकरी, भिजलेली वैरण, आपलं हसणं. त्या दिवशी त्याच्या मनाला धनी होता की नव्हता? होता. मग इतकी वर्षं दर महिन्याला हा धनी कुठं जात होता? मागचा एकेक मार त्याला दिसायला लागला, आणि प्रत्येक वेळी मारणारा तोच होता, दुसरं कुणी नव्हतं. आपण राक्षस असतो तरी परवडलं असतं, असं त्याला वाटलं. राक्षसाला निदान लाज नसते. आणि हे सारं बायकोला कधीपासून कळत होतं कोण जाणे!

छबुबाईला बापाची दया आली. ती जवळ बसली आणि समजूत घालायला लागली.

"आबा, जिवाला लावून घेऊ नगा. पुरुषाच्या जातीला कायतरी आसतंच. आमच्या तिकडं बी हाय की. त्येंचं पुनवेला फिरतं. दिस ठावा आसला की निभतं मानसाचं. तुमची अवस, त्येंची पुनव."

आसारामनं तिच्या भुवईकडं पाहिलं.

"चौकट?"

छबुबाईनं मान खाली घातली. "पुनव हुती."

त्याचा हात आपसूक काठीकडं गेला. आत्ता उठावं, गेवराई गाठावी आणि त्या धोंड्याच्या टाळक्यात घालावी. काठी जागेवर नव्हती. ती परसात होती, दुपारी लेकीनंच नेलेली. तो होता तिथंच बसून राहिला. कुठल्या तोंडानं जाणार होता तो? काय म्हणणार होता? जावयानं असं काय केलं होतं, जे सासऱ्यानं केलं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी इमामभाईंकडून शिरखुर्म्याचं बोलावणं आलं नाही. वाटी मात्र आली, पोराच्या हातून. आसारामला ती गिळवेना. तो पारावर जाईना, पाणवठ्याच्या वाटेनं जाईना. बायकोशी बोलायला तोंड उघडायचा आणि नुसतं पाणी मागायचा. पंचमीचा झोका बांधून दिला, लेक झोक्यावर बसली, आणि झोक्याबरोबर तिची खोक पडलेली भुवई वर गेली-आली तशी त्याची मान खाली गेली.

पंचमी झाल्यावर लेकीला पोहोचवायला तो स्वतः निघाला. गाडीला बैल जोडताना चतुराबाई दारात आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"तितं जाऊन त्येंच्यावर वरडू नका. खरं तेवडं सांगा."

वाटेत सिंदफणा नदीला उतार मिळाला. आसाराम वाटभर मनात वाक्यं जुळवत होता आणि ती मोडत होती. लेकीचा बाप व्याह्यांच्या दारात नेहमीच वाकून असतो. त्याला तर वाकायला कमरेखाली जागा उरली नव्हती.

धोंडीराम वेशीपर्यंत सामोरा आला. पाया पडला, बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं. बैलाच्या मानेवरून हात फिरवताना काय मायेनं फिरवत होता! परक्यानं बघितलं असतं तर म्हणाला असता, लई गरीब गडी. आसारामला आरशात बघावं तसं झालं.

गूळपाणी झालं. तुळजाबाई समोर बसल्या. छबुबाई बोचकं घेऊन आतल्या दाराशी उभी होती. आसारामनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"ईहीनबाई, धोंडीराम, मला येक सांगायचं हाय. मी आजवर अवसेच्या नावावर बायकोला मारत आलो. आवंदा अवस कवा झाली मला कळलंच न्हाई, आन त्या दिशी मी गोड जेवून हसत बसलो. मग खोट्याच अवसेला मी तिचं तोंड सुजीवलं. साऱ्या गावानं वर चंद्र बगितला आन खाली मला. अवसेचं कायबी नसतं. पुनवेचंबी नसतं, जावईबापू. मी तुमाला धाक घालाया आलो न्हाई. तेवडं माजं तोंड न्हाई."

धोंडीरामचं तोंड उतरलं. जमिनीकडं बघत तो म्हणाला, "मामा, मला ते येतं ते खरंच येतं. मी मुद्दाम न्हाई करत."

"मलाबी खरंच यायचं," आसाराम म्हणाला. "ठावं नव्हतं तवा न्हाई आलं."

मग तुळजाबाई हसल्या. वाईट बाई नव्हती ती. पाहुण्याचा जीव राहावा म्हणून हसल्या.

"इवाई, कशाला येवडं मनाला लावता? आमी काय तुमाला नावं ठिवतो का? उलटं उपकार मानतो. धोंड्याचं पुनवेचं आमाला आदीपासून ठावं. दोन ठिकानी पोरी बगितल्या, पर मी म्हनलं, लाडात वाडलेली पोर हितं टिकायची न्हाई. मग कुनीतरी सांगितलं, वडगावाला आसारामाची लेक हाय, बापाचं अवसेचं हाय, पोरीला सवय हाय. तवाच मी म्हनलं, हीच करायची. आन खरंच सांगते, लई गुणाची पोर दिली तुमी. पुनव आली की आपली आपन समदं आवरून ठिवती. रडनं न्हाई, वरडनं न्हाई. तुमच्या घरचं वळन हाय ते."

तिनं पोटभर शिव्या दिल्या असत्या तर आसारामला चाललं असतं. ही स्तुती त्याला सोसवेना. लेकीच्या रूपावर, कामावर, कुळावर सोयरीक झाली असं तो समजत होता. मार खायची सवय, हे त्यानं लेकीला दिलेलं आंदण होतं आणि तेच बघून माणसं मागणी घालायला आली होती.

तो ताडकन उठला. कानशिलं तापली होती. "छबे, चल," तो ओरडला. "घरी चल. न्हाई ऱ्हायचं तुला हितं." आणि तिच्या हातातलं बोचकं घ्यायला त्यानं हात पुढं केला.

छबुबाई झटकन मागं सरली. पाठ भिंतीला लागली तशी तिनं कोपर उचलून तोंडापुढं धरलं. डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "आबा, थांबा. आज कोन्ती तिथ हाय?"

आसारामचा हात तसाच अधांतरी राहिला. अख्ख्या जन्मात त्यानं या पोरीला बोट लावलं नव्हतं. तो हळूहळू मागं झाला, मागं होत होत अंगणात गेला, आणि तिथं उन्हात गुडघे मोडून खाली बसला. दोन्ही हात त्यानं तिला दिसतील असे मांडीवर उघडे ठेवले आणि तिनं डोळे उघडायची वाट बघत राहिला.